शेजारचा इस्लाम: सांगली-साताऱ्याकडून सारखे येणारे प्रश्न

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं आणि सासर मिरजेचं. शाळेत शिकवते, त्यामुळं शिक्षकांचे, पालकांचे, जुन्या विद्यार्थ्यांचे असे कितीतरी व्हॉट्सअॅप ग्रुप माझ्याकडं आहेत आणि रमजान आला की, मोहरम आला की, कुठं काही तणाव झाला की मला मेसेज यायला लागतात. बहुतेक वेळा तेच तेच प्रश्न, आणि विचारणारे मनापासून विचारतात म्हणून दरवेळी परत टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एकदाच इथं लिहून ठेवते.

एक आधीच सांगते. मी काही आलिमा (धर्माचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई) नाही, म्हणून इथलं कुठलंही उत्तर फतवा नाही. पण एवढ्या वर्षांत मला कळलंय की गैरसमज बहुतेक एकाच ठिकाणी होतो: धर्म काय सांगतो, आपल्याकडची रीत काय आहे आणि देशाचा कायदा काय आहे या तीन गोष्टी लोक एकत्र कालवतात (आमचे लोकसुद्धा). म्हणून जमेल तिथं मी ते वेगळं करून सांगितलंय.

१. इस्लाम म्हणजे नेमकं काय, आणि मुसलमान कोणाला म्हणायचं?

इस्लाम हा अरबी शब्द आहे, अर्थ स्वतःला देवाच्या स्वाधीन करणं, शरण जाणं. 'सलाम' म्हणजे शांती, तोही त्याच धातूपासून आलेला. जो 'ला इलाहा इल्लल्लाह मुहम्मदुर रसूलुल्लाह' हा कलमा मनापासून मानतो तो मुसलमान. अर्थ असा की अल्लाहशिवाय भक्तीला पात्र कोणी नाही आणि मुहम्मद हे त्याचे प्रेषित आहेत. कलमा, नमाज (प्र. ५), रोजा (प्र. ६), जकात (प्र. ८) आणि हज असे धर्माचे पाच खांब. हज आयुष्यात एकदाच, आणि तीही ऐपत आणि तब्येत असेल तरच फर्ज (बंधनकारक) आहे, म्हणजे ज्याच्याकडं पैसे नाहीत त्यानं कर्ज काढून मक्केला जावं अशी अपेक्षाच नाही.

जगात सुमारे २०० कोटी मुसलमान आहेत. सगळ्यात जास्त इंडोनेशियात, अरबस्तानात नाही. भारतात २०११ च्या जनगणनेत १७.२२ कोटी, म्हणजे १४.२ टक्के, आणि महाराष्ट्रात साधारण साडेअकरा टक्के.

२. मुहम्मद पैगंबर म्हणजे तुमचे देव का?

नाही. पैगंबर म्हणजे पैगाम, निरोप आणणारा. ते माणूसच होते, मक्केत साधारण ५७० साली जन्मले, जन्माआधीच वडील गेले, सहा वर्षांचे असताना आई गेली, मोठेपणी व्यापार केला. ६१० मध्ये हिरा नावाच्या गुहेत पहिला संदेश आला असं आम्ही मानतो, ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला गेले आणि ६३२ मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. त्यांची पूजा होत नाही, आणि त्यांचं चित्र किंवा मूर्ती करत नाहीत त्याचं एक कारण हेच की उद्या लोक त्याच्यापुढंच हात जोडायला लागतील. इब्राहीम, मूसा, ईसा म्हणजे येशू, हेही आमचे पैगंबरच आहेत, आणि कुराणात येशूच्या आईच्या, मरियमच्या नावाचा आख्खा अध्याय आहे, हे ऐकून माझ्या ख्रिश्चन सहकारी बाईंना फार आश्चर्य वाटलेलं.

३. कुराण सगळ्यांना कळतं का? सगळ्यांना अरबी येतं का?

नाही येत, हे खरं सांगायला पाहिजे. मदरशात किंवा घरी लहानपणी अरबी अक्षरं वाचायला शिकवतात, पण अर्थ बहुतेकांना कळत नाही. मला स्वतःला अर्थ कळायला लागला तो मराठी भाषांतर हातात पडल्यावर, तोपर्यंत नुसतं पाठ होतं. कुराणात ११४ सूरा म्हणजे अध्याय आहेत आणि ते साधारण २३ वर्षांत थोडं थोडं करून आलं असं मानतात. हदीस ही वेगळी गोष्ट, पैगंबर काय बोलले आणि कसं वागले याच्या त्या आठवणी, नंतर गोळा केलेल्या. त्यात पक्क्या कुठल्या आणि कच्च्या कुठल्या यावर आमच्यात शेकडो वर्षं चर्चा चाललीय, म्हणून व्हॉट्सअॅपवर 'हदीसमध्ये असं लिहिलंय' असा फॉरवर्ड आला की लगेच विश्वास ठेवू नका, मग तो बाजूनं असो की विरोधात.

४. बांगेत रोज अकबर बादशाहचं नाव का घेतात?

हा प्रश्न मला दर वर्षी निदान एकदा तरी येतो. 'अल्लाहू अकबर' मधला अकबर म्हणजे 'सर्वात मोठा'. अल्लाह सर्वात मोठा आहे, एवढाच अर्थ. बांग पैगंबरांच्या काळापासून दिली जाते आणि बादशाह अकबर त्यानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी झाला, त्याचंच नाव या शब्दावरून पडलंय. पुढं बांगेत 'नमाजकडे या, कल्याणाकडे या' असं बोलावणं असतं, आणि पहाटेच्या बांगेत 'झोपेपेक्षा नमाज चांगली' हे एक वाक्य जास्त. लाउडस्पीकर हा काही धर्माचा भाग नाही, तो विसाव्या शतकात आला, त्याचा आवाज किती असावा हा कायद्याचा प्रश्न आहे आणि तो सगळ्यांना सारखाच लागू आहे.

५. दिवसातनं पाच वेळा नमाज, मग कामधंदा कसा जमतो? आणि पश्चिमेकडंच तोंड का?

पाच वेळा म्हणजे पहाटे फजर, दुपारी जुहर, उतरत्या दुपारी असर, सूर्य बुडाल्यावर मगरिब आणि रात्री इशा. एका वेळेला पाच-दहा मिनिटं लागतात आणि प्रत्येक नमाजला ठराविक क्षण नसतो, मुदत असते, त्यामुळं बाजार समितीत हळदीचा सौदा चालू असेल तर तो उरकून पढता येते. मशिदीतच जायला पाहिजे असंही नाही, स्वच्छ जागा पुरे. आधी वजू करतात, म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा आणि पाय धुवायचे. शुक्रवारी दुपारची जुमा मात्र पुरुषांनी मशिदीत जमातीबरोबरच (सगळ्यांनी मिळून) पढायची असते, म्हणून त्या दिवशी एक-दीडच्या सुमाराला दुकानं बंद दिसतात.

आणि तोंड पश्चिमेकडं नाही, मक्केतल्या काबाकडं. आपल्याकडनं मक्का पश्चिमेला, जरा वायव्येला कलून आहे म्हणून तसं दिसतं, युरोपातले मुसलमान आग्नेयेकडं तोंड करतात. काबाची पूजाही करत नाही आम्ही, ती सगळ्यांनी एकाच दिशेला उभं राहायची खूण.

६. रोज्यात पाणीसुद्धा नाही? शुगरवाल्यांनी काय करायचं?

पाणीसुद्धा नाही, पहाट व्हायच्या आधीपासून सूर्य बुडेपर्यंत. पहाटेचं खाणं ती सहरी, संध्याकाळी खजुरानं रोजा सोडतात तो इफ्तार. थुंकी गिळली तरी चालत नाही असं बरेच जण समजतात, तसं काही नाही. चुकून, विसरून पाणी प्यायलं तरी रोजा मोडत नाही, आठवलं की थांबायचं.

आजारी माणूस आणि प्रवासी यांना सूट आहे, आणि ती कुणा मौलानांनी दिलेली नाही, कुराणातच आहे. नंतर तब्येत सुधारल्यावर तेवढे रोजे भरून काढायचे. म्हातारपण किंवा कायमचा आजार असेल तर फिदिया द्यायचा, म्हणजे एका रोज्याच्या बदल्यात एका गरिबाचं जेवण. इंजेक्शननं रोजा मोडत नाही असं बहुतेक मुफ्ती सांगतात आणि बोटाला टोचून शुगर तपासल्यानं तर नाहीच नाही. पण इन्सुलिन घेऊन उपाशी राहायचं की नाही हे डॉक्टरला विचारायचं, गल्लीतल्या कुणाला नाही. माझ्या सासूबाई तीन वर्षं कुणाचं न ऐकता रोजे धरत राहिल्या आणि एका दुपारी चक्कर येऊन न्हाणीत पडल्या. सूट असताना ती घेणं म्हणजे धर्म कमी पाळणं, असं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं. ती सूटसुद्धा अल्लाहचीच आहे हे आम्ही घरातल्यांनी त्यांना आधी नीट समजावायला हवं होतं, याची खंत मला अजून आहे.

अजून एक, हे खास ऑफिसातल्या आणि कॉलेजातल्या मंडळींसाठी. बाईला पाळीच्या दिवसांत रोजा आणि नमाज दोन्ही नसतात, त्यातले रोजे तिनं नंतर भरून काढायचे, नमाज नाही. तेव्हा रमजानमध्ये एखादी मुलगी डबा खाताना दिसली तर सगळ्यांसमोर 'आज रोजा नाही का गं?' असं प्लीज विचारू नका.

७. ईदची तारीख दर वर्षी बदलते का? आणि आदल्या रात्रीपर्यंत नक्की का नसते?

हिजरी कालगणना पूर्ण चंद्रावर चालते. वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवस कमी. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून ते जुळवून घेतात, हिजरीत तसं करत नाहीत, म्हणून रमजान कधी मे महिन्याच्या उन्हात येतो, कधी थंडीत, आणि साधारण ३३ वर्षांत एक फेरा पूर्ण होतो. महिना २९ चा की ३० चा हे चंद्र दिसण्यावर ठरतं, म्हणून २९ व्या संध्याकाळी सगळे गच्चीवर. सौदीत बहुतेक वेळा आपल्या आदल्या दिवशी ईद होते. बोहरा समाजाचं कॅलेंडर आधीच ठरलेलं असतं, त्यांची ईद एक-दोन दिवस आधी असते, त्यामुळं 'तुमच्यात एकी नाही का' असं विचारू नका, पद्धतच वेगळी आहे.

८. जकात म्हणजे कर का? फक्त मुसलमानांनाच देतात का?

ज्याच्याकडं गरजा भागवून साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक आख्खं चांद्र वर्षभर राहिली त्यानं तिच्यातले अडीच टक्के गरिबांना द्यायचे. इथं तोळा म्हणजे जुना तोळा, सराफाचा दहा ग्रॅमचा नाही, त्या हिशेबानं सोनं साधारण ८७.५ ग्रॅम होतं. राहतं घर, वापरायची गाडी यावर जकात नाही. आईवडील, मुलं यांना देता येत नाही कारण त्यांचा सांभाळ ही तशीही तुमचीच जबाबदारी.

जकात मुस्लिम गरिबांना द्यावी असं बहुतेक उलेमा (धर्माचे जाणकार) मानतात. पण सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कुणालाही देता येतो आणि द्यावा. २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी शिरलं तेव्हा जेवणाची पातेली घेऊन होड्यांपर्यंत गेलेली आमची पोरं कुणाला जात-धर्म विचारत नव्हती, आणि आमच्या घरात पाणी आलं तेव्हा आम्हाला ज्यांनी ठेवून घेतलं त्यांनीही विचारलं नाही.

९. बकरी ईदला बकरा कापून देव कसा खूश होतो?

प्रश्न जरा टोचणारा असला तरी रास्त आहे. इब्राहीम पैगंबरांनी देवाच्या आज्ञेखातर पोटच्या मुलाचा बळी द्यायची तयारी दाखवली आणि ऐनवेळी मुलाच्या जागी जनावर आलं, त्याची ही आठवण. कुराणातच म्हटलंय की त्या जनावरांचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची निष्ठा. मटणाचे तीन वाटे करायची पद्धत आहे: एक घरचा, एक नातेवाईक-मित्रांचा, एक गरिबांचा. ऐपत नसेल तर कुर्बानी बंधनकारक नाही. कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. आणि उघड्यावर घाण टाकणं हे धर्मातही बसत नाही, कायद्यातही नाही, ज्यांच्या गल्लीत तसं होतं त्यांनी बिनधास्त बोलावं, माझा पाठिंबा.

१०. मोहरम हा सण की दुखवटा? आणि आमच्या गावातले पंजे तर पाटीलच बसवतात, ते कसं?

मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना. त्याच्या दहाव्या दिवशी, ६८० साली, करबला इथं पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती मारले गेले. तेव्हाचा सत्ताधीश यजीद याची सत्ता मान्य करायला त्यांनी नकार दिलेला, शेवटी पाणीसुद्धा तोडलं होतं, म्हणून त्या दिवशी सरबत वाटतात. तेव्हा 'हॅपी मोहरम' किंवा 'मोहरम मुबारक' असं स्टेटस नका टाकू. शिया आणि सुन्नी असे आमच्यात जे दोन मोठे पंथ आहेत त्यांची फाळणी मुळात पैगंबरांनंतर पुढारपण कोणाकडं जावं यावरून झाली: शिया म्हणतात ते जावई हजरत अलींच्या घराण्याकडं हवं होतं, सुन्नी पहिले चारही खलिफा मानतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बहुसंख्य सुन्नीच आहेत.

आता गावातलं. पंजे, सवाऱ्या, ताबूत, खाईतला विस्तव, नवस म्हणून फकीर होणं, गुळाचे चोंगे, मलिदा, हे सगळं दख्खनची रीत आहे, कुराणात यातलं काही नाही. आमच्यातले बरेच कडक लोक याला नावं ठेवतात आणि त्यांच्या बाजूनं धर्माचा आधार आहे हेही मी मान्य करते. पण ही रीत एकट्या मुसलमानांची कधीच नव्हती. कडेगावचे ताबूत बघा, बांबूचे, घरांच्या वर जाणारे उंचच उंच, आणि ताबुतांचे मानकरी दोन्ही समाजातले, भेटीचा सोहळा बघायला लांबून लोक येतात. कितीतरी गावांत मुसलमानाचं घर एकच असतं, तरी पीर बसतो, कारण तो गावाचा असतो. मराठा घरांत पिराला कंदुरी असते. माझ्या माहेरी सवारी धरायचा मान शेजारच्या मराठा घराकडं होता आणि लहानपणी मला खरंच वाटायचं की मोहरम हा त्यांचा सण आहे, आम्ही बघायला जातो.

११. दर्गा आणि मशीद यात फरक काय? आम्ही आत आलो तर चालतं का?

मशीद नमाजची जागा, तिथं कबर किंवा मूर्ती नसते. दर्गा म्हणजे एखाद्या वलीची, संताची कबर. मिरजेचा ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा सगळ्यांना माहीत आहे, त्या उरुसात मानाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा असतो. कबरीपुढं मागणं मागावं का यावर मात्र आमच्यात मोठे मतभेद आहेत. आपल्याकडं कुणी 'मी सुन्नी, तो तबलीगी' असं बोलला तर तो शिया-सुन्नी बद्दल बोलत नसतो, दोघेही सुन्नीच, एक दर्गा-उरूस मानणारा बरेलवी वळणाचा आणि दुसरा न मानणारा देवबंदी वळणाचा, एवढंच.

आत यायला हरकत नाही. दर्ग्यात तर सगळेच येतात. मशिदीत नमाजची वेळ सोडून या, चप्पल बाहेर, डोक्यावर रुमाल किंवा पदर, आधी कुणाला तरी विचारा. हल्ली बऱ्याच ठिकाणी मशीद दाखवायचे कार्यक्रमही होतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत तर चाळीसहून जास्त वर्षं गणेशोत्सवातला गणपती मशिदीत बसतो. हा धर्माचा नियम नाही, त्या गावाची मर्जी आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

बायकांचं काय, असं विचाराल तर आपल्याकडच्या बऱ्याच मशिदींत बायकांना जागाच नाही. धर्मानं मनाई केलेली नाही, मक्का-मदिनेत बायका नमाज पढतात. मिरजेत राहून मला मशिदीत एक कोपरा नसावा हे मला खटकतं आणि मी ते बोलते.

१२. मुलाणी, शिकलगार, बागवान, ही मुसलमान आडनावं कशी? तुमच्यात जाती असतात का?

धर्मात नाहीत, समाजात आहेत. आडनावं बहुतेक धंद्यावरून आली: हत्यारांना धार लावणारे शिकलगार, पानाचे तांबोळी, फळं-भाजीचे बागवान, कापूस पिंजणारे पिंजारी आणि नदाफ, बांगड्यांचे मणेर, अत्तराचे अत्तार, दर्ग्याची सेवा करणारे मुजावर. मुलाणी तर गावगाड्यात बलुतेदार, जत्रेचं बकरं कापायला अजून त्यालाच बोलावतात. पाटील, देशमुख, इनामदार, सुतार, जमादार ही आडनावं दोन्हीकडं सापडतात. यातल्या बऱ्याच जमाती ओबीसी यादीत आहेत. लग्नं अजूनही आपापल्यातच जमवायची बघतात. एकाच सफमध्ये (रांगेत) खांद्याला खांदा लावून नमाज पढणारी माणसं सोयरिकीला मागं सरतात, हे धर्माच्या शिकवणीच्या सरळ विरोधात आहे.

१३. तुमची मातृभाषा उर्दू ना? मराठी एवढी चांगली कशी?

ही तारीफ समजून लोक बोलतात पण प्रत्येक वेळी थोडं लागतं. आमच्या घरात मराठी आणि दख्खनी दोन्ही चालतात, 'मेरेकू नक्को' वाली, तिच्यात निम्मे शब्द मराठीच आहेत. शाळा मराठीच. लिहायची उर्दू मला येतच नाही. आणि उलट्या बाजूनं बघा: जिल्हा, तालुका, तहसील, वकील, अर्ज, हिशेब, तारीख, किंमत हे सगळे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आले. सातारा जिल्हा, कराड तालुका असं म्हणताना कुणाला ते परके वाटत नाहीत.

१४. बुरखा सक्तीचा आहे का?

कुराणात पुरुषांना आधी नजर खाली ठेवायला सांगितलंय आणि मग बायकांना अंग, छाती झाकायला. चेहरा झाकायचा की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्याकडं माझी आजी नऊवारी नेसायची, डोक्यावर पदर, गळ्यात काळी पोत, शेतात भांगलायला जायची. काळा बुरखा माझ्या डोळ्यांदेखत वाढलाय. काही जणी मनापासून घालतात, काहींना त्यात कॉलेजला जायची परवानगी मिळते, काहींवर घरच्यांची जबरदस्ती असते. मी ओढणी घेते, माझी जाऊ बुरखा घालते, आम्ही एकाच स्कूटरवरून जातो.

१५. चार लग्नं आणि तीनदा तलाक, हे खरं आहे ना?

चारपर्यंत परवानगी आहे, आज्ञा नाही, आणि अट अशी की सगळ्यांशी सारखा न्याय करता येत नसेल तर एकच. व्यवहारात आजूबाजूला बघा, तुमच्या ओळखीतल्या किती मुसलमानांच्या दोन बायका आहेत? लग्नात मेहर नवऱ्यानं बायकोला द्यायचा असतो आणि तो तिचाच. हुंडा इस्लाममध्ये नाही, पण आपल्याकडं घेतात, आणि यात आम्ही कुणापेक्षा मागं नाही याची लाज वाटते.

तलाकचं म्हणाल तर कुराणात पद्धत सावकाश आहे: थांबायची मुदत, दोन्ही घरचे मध्यस्थ, समेटाचा प्रयत्न. एका दमात तीनदा म्हणून मोकळं व्हायचं, हे सुप्रीम कोर्टानं २२ ऑगस्ट २०१७ ला रद्द ठरवलं आणि २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ही लढाई मुसलमान बायकांनीच लढली. समाजसुधारक हमीद दलवाईंनी तर १९७० सालीच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं होतं. बायकोलाही तलाक मागता येतो, त्याला 'खुला' म्हणतात, आणि १९३९ च्या कायद्यानं कोर्टातून घटस्फोट घेता येतो.

१६. मुलीला वाटणीत हिस्सा असतो का?

असतो, मुलाच्या निम्मा, आणि तो सातव्या शतकापासून ठरलेला आहे. त्या काळाच्या मानानं ते मोठं पाऊल होतं, आज निम्मा का असा प्रश्न आमच्याच मुली विचारतात आणि विचारावाच. मृत्युपत्रानं फार तर एक तृतीयांश मालमत्ता देता येते. पण खरं दुखणं वेगळंच आहे. भाऊ बहिणीला तलाठ्याकडं नेतात, हक्कसोडवर सही घेतात, वर साडी-चोळी करतात. शेजारच्या हिंदू घरात जे होतं तेच आमच्याकडं होतं, तिथं दोन धर्मांचं अगदी एकमत असतं.

१७. तुम्ही औरंगजेबाचे का शिवाजी महाराजांचे?

मेसेजमध्ये असंच्या असं विचारलेलं आहे म्हणून तसंच लिहिलं. माझे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. दिल्लीच्या बादशाहशी आमचं काय नातं? महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीला महाराजांनी सोबत नेलेल्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता आणि अफजलखानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. लढाई राज्याची होती. मुघलांचा इतिहासकार खाफीखान महाराजांचा कट्टर विरोधक, त्यानंसुद्धा लिहून ठेवलंय की मशीद, कुराण आणि बायका यांना हात लावायचा नाही असा त्यांचा हुकूम होता. २००९ मध्ये गणेशोत्सवात याच विषयावरून मिरजेत दंगल झाली, कर्फ्यू लागला, त्या दिवसांची भीती मला अजून आठवते. म्हणून या प्रश्नाला मी टाळत नाही. महाराज माझेही आहेत, मी शाळेत त्यांचा धडा शिकवते तेव्हा माझा आवाज भरून येतो.

१८. हिरवा झेंडा म्हणजे पाकिस्तानचा ना? आणि ७८६ काय भानगड आहे?

पाकिस्तानच्या झेंड्यात काठीच्या बाजूला पांढरा पट्टा असतो. दर्ग्यावरचा नुसता हिरवा, चांद-तारा असलेला किंवा नसलेला, तो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फोटो फॉरवर्ड करण्याआधी तेवढा पट्टा बघा. ७८६ ही 'बिस्मिल्लाह हिर्रहमान निर्रहीम' या अक्षरांच्या अरबी अंकमूल्यांची बेरीज, भारत-पाकिस्तानकडं जास्त चालते, कुराणात नाही.

१९. मुस्लिम मित्राला जेवायला बोलवायचंय, काय करू? प्रसाद दिला तर चालतो का?

शाकाहारी जेवण सगळ्यात सोपं. मटण-चिकन असेल तर हलाल, म्हणजे अल्लाहचं नाव घेऊन गळा चिरून रक्त वाहू दिलेलं. आपल्याकडं बऱ्याच मटणाच्या दुकानांत तेच मिळतं, फक्त विचारून घ्या. डुकराचं मांस आणि दारू नाही, कुणी पित असेल तर तो त्याचा प्रश्न. रमजान असेल तर रात्री बोलवा.

प्रसादाचं मात्र माणसागणिक बदलतं. दुसऱ्या देवाला दाखवलेला नैवेद्य खायचा नाही असं बरेच जण मानतात, काही जण आनंदानं खातात, काही हातात घेतात, मान ठेवतात आणि नंतर कुणाला तरी देतात. नाही म्हटलं तर तो तुमच्या देवाचा अपमान नसतो. दोनदा आग्रह करू नका. आमच्याकडचा शिरखुर्मा मात्र बिनधास्त प्या, त्यात दूध, शेवया, खजूर, सुकामेवा, दुसरं काही नाही.

२०. संगीत हराम आहे म्हणतात, मग मिरज कशी काय?

वाद्यांना मनाई आहे असं मानणारे उलेमा आहेत, आणि गाण्यातून देवापर्यंत पोचता येतं असं मानणारी सूफी परंपराही आहे. मिरजेनं दुसरी वाट धरली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथं राहिले, १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि दर वर्षी उरुसाला तिथं मोठमोठे कलाकार गाऊन हजेरी लावतात. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, राजेरजवाडे संपत आले, तलवारींचं काम गेलं आणि तेच हात भोपळ्याच्या सतारी-तंबोऱ्यांकडं वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

२१. जिहाद म्हणजे हिंदूंना मारणं, असं कुराणात आहे का?

जिहादचा अर्थ झटणं, प्रयत्नांची शर्थ करणं. स्वतःच्या वाईट वृत्तीशी झगडणं हाही जिहाद. युद्धाच्याही आयती कुराणात आहेत, त्या मी लपवणार नाही, त्यातल्या बऱ्याच मक्केवाल्यांशी झालेल्या लढायांच्या वेळच्या आहेत आणि पुढंमागचं वाचल्याशिवाय कळत नाहीत. त्याच कुराणात 'धर्मात जबरदस्ती नाही' आहे, 'तुम्हाला तुमचा धर्म, मला माझा' आहे, आणि एका निरपराध माणसाला मारणं म्हणजे सगळ्या मानवजातीला मारल्यासारखं, हेही आहे. बॉम्ब फोडून वर अल्लाहचं नाव घेणाऱ्यांनी सगळ्यात जास्त मुसलमानच मारलेत. काफिर म्हणजे न मानणारा, नाकारणारा. शिवी म्हणून तो शब्द वापरणारे आमच्यात आहेत आणि ते चूक करतात.

२२. शेजारी मयत झालीय. आम्ही जायचं का? खांदा दिला तर चालतो का?

जा. आमच्यात उशीर करत नाहीत, शक्यतो त्याच दिवशी दफन, म्हणून कळल्या कळल्या जा. मयतीला गुसल (आंघोळ) घालतात, पांढरं कफन, पुरुषाला तीन कापडं, बाईला पाच. जनाजाची नमाज उभ्यानंच असते, त्यात वाकणं किंवा सजदा (जमिनीला माथा टेकणं) नसतो, ती चालू असताना तुम्ही बाजूला शांत उभं राहा. खांदा द्यायला हरकत नाही. कबरीत उतरवल्यावर प्रत्येकजण तीन मुठी माती देतो, तुम्हीही देऊ शकता. हार-फुलं, पैसे काही न्यायची गरज नाही. घरात दोन-तीन दिवस चूल पेटवत नाहीत अशी रीत आहे (धर्माचा नियम नाही), शेजाऱ्यांनी डबा आणला तर खूप बरं वाटतं, साधा वरण-भात पुरे. बायका आपल्याकडं कब्रस्तानात जात नाहीत, त्या घरीच बसतात, तुमच्या घरातल्या बायकांनी तिथं येऊन बसावं.

माझे अब्बा गेले तेव्हा मी माहेरच्या उंबऱ्यात उभी होते. जनाजा उचलला, पुढच्या डाव्या बाजूला शेजारचे काका होते, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी एकदाही न चुकवलेले. कोपऱ्यावर दुसऱ्या कुणीतरी खांदा बदलायला हात पुढं केला, तर त्यांनी मान हलवली आणि ओढ्यापलीकडच्या कब्रस्तानापर्यंत ते तसेच चालत गेले.